नोंदीचा क्रमांक कसा असावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी संतवाङ्मयावर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले. आज व्यासपीठावर जो विषय येत आहे त्यात ना रस, ना अलंकार. संगणकात साठवलेल्या नोंदीला क्रमांक कसा द्यावा, हा तो विषय. कार्यक्रमपत्रिकेत शीर्षक वाचून एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "अहो, यावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? एकापासून आरंभ करावा आणि मोजत जावे." आपल्या मंडळाच्या संस्थापकांनाही पन्नास वर्षांपूर्वी क्रमांकाची गोष्ट अशीच किरकोळ वाटली असावी. तो समज आपणांस केवढ्याला पडला, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

प्रारंभीच एक कबुली देऊन ठेवतो. आम्ही संगणकशास्त्राचे पंडित नव्हे. कलाशाखेचे साधे पदवीधर. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे फायलींच्या संगतीत गेलेली. दोन वर्षांपूर्वी मंडळाचे दप्तर संगणकावर आणण्याचे ठरले आणि ते काम आमच्या गळ्यात पडले. तांत्रिक बाजू सांभाळली ती आपल्याच एका सभासदांच्या कन्येने. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेसचे काम करते. पुढे जे सांगणार आहोत त्यातले शहाणपण बहुतांशी तिचे आहे, आणि चुका आमच्या.

आपली जुनी सभासद-नोंदवही ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिच्यातील क्रमांकांची तऱ्हा स्मरत असेल. रेल्वे वसाहतीतील सभासदांचे क्रमांक 'रे' ने सुरू होत, नव्या वसाहतीतले 'न' ने, बाजारपेठेतले 'बा' ने. आणि पुढे त्या त्या भागातला अनुक्रम. रे-१४ म्हणजे रेल्वे वसाहतीतले चौदावे घर. ही पद्धत ज्यांनी घातली ते अविचारी नव्हते. वर्गणी गोळा करणारे कार्यकर्ते सायकलवरून हिंडत. क्रमांक पाहताच कोणत्या बाजूस वळायचे ते कळे. सभासद एका वसाहतीतून दुसरीत गेला की त्याला नवा क्रमांक मिळे, आणि मोकळा झालेला जुना क्रमांक पुढे येणाऱ्या सभासदास दिला जाई. जागा रिकामी का ठेवावी, हा काटकसरी विचार त्यामागे होता.

आता एक हकीकत ऐकावी. त्यातील कुटुंबाचे नाव आम्ही घेणार नाही.

मंडळाच्या साहाय्य निधीत एका गृहस्थांनी १९८८ साली ५,००० रुपयांची ठेव ठेवली. तेव्हा त्यांचा क्रमांक होता रे-१४. १९९४ मध्ये ते नव्या वसाहतीत राहावयास गेले आणि न-३१ झाले. रे-१४ हा क्रमांक त्याच वर्षी बदलून आलेल्या एका नव्या सभासदास देण्यात आला. योगायोग असा, की आडनाव तेच आणि आद्याक्षरेही तीच. आपल्याकडील आडनावे आणि नावे पाहता यात नवल काहीच नाही. या दुसऱ्या गृहस्थांनीही १९९५ मध्ये ५,००० रुपयेच ठेवले आणि १९९७ मध्ये बदली झाली तेव्हा ते परत घेतले. खतावणीत पान होते ते रे-१४ चे. त्यावर दोन ठेवी दिसत होत्या. कोषाध्यक्षांनी वरची, म्हणजे १९८८ ची, रेघ मारून बंद केली. खालची १९९५ ची ठेव तशीच उभी राहिली, काही वर्षांनी बेवारस ठरली, आणि रीतसर ठरावाने सभागृहाच्या बांधकाम निधीत वर्ग झाली. या साऱ्यात लबाडी कोणीही केली नाही, हे ध्यानी घ्यावे.

पहिले गृहस्थ २००८ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी, आम्ही सारे त्यांना वहिनी म्हणत असू, पिवळी पडलेली पावती घेऊन मंडळाच्या कार्यालयात आल्या. आम्ही तेव्हा सहचिटणीस होतो. आम्ही खतावणी काढली. रे-१४, १९८८, ५,००० रुपये. १९९७ मध्ये परत. समोर त्याच आडनावाची सही. आम्ही मंडळाच्या कागदावर सुवाच्य अक्षरात पत्र लिहिले: सदर ठेव आपल्या यजमानांनी १९९७ मध्येच परत घेतली असल्याचे दप्तरावरून दिसते. वहिनींनी पत्र वाचले, घडी घातली, आणि काही न बोलता त्या निघून गेल्या. पुढच्या गणेशोत्सवाला त्या आल्या नाहीत, त्यापुढच्याही नाही. काही वर्षांनी त्या मुलीकडे दुसऱ्या गावी गेल्याचे कळले. प्रकरण मिटले, असे आम्ही समजलो.

पंधरा वर्षांनी, २०२३ च्या पावसाळ्यात, जुन्या खतावण्या संगणकात भरण्याचे काम चालू होते. आमची ती तरुण सहकारी एकाएकी थांबली आणि म्हणाली, "काका, हे रे-१४ म्हणजे नक्की कोण? हे गृहस्थ सभासद झाले १९९४ मध्ये, आणि त्यांची ठेव १९८८ ची. गावात येण्याच्या सहा वर्षे आधी यांनी पैसे ठेवले कसे?" त्या क्षणी आमच्या पायाखालची जमीन सरकली. त्या हकीकतीचा शेवट आम्ही व्याख्यानाच्या शेवटी सांगू. तत्पूर्वी, तो प्रसंग टाळण्यासाठी क्रमांक कसा असावयास हवा होता, याचा विचार करू.

डेटाबेस म्हणजे परस्परांशी जोडलेले तक्ते. सभासदांचा एक तक्ता, ठेवींचा दुसरा, वर्गणीचा तिसरा. एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये ही कल्पना मांडली आणि आजही बहुतेक व्यवहार तिच्यावर चालतात. या रचनेत प्रत्येक ओळीला स्वतःची अशी एक खूण लागते. संगणकवाले तिला प्रायमरी की म्हणतात. ठेवींच्या तक्त्यात ठेवीदाराचे नाव-गाव पुन्हा लिहावयाचे नसते. त्याची ती खूण तेवढी लिहावयाची. अर्थात सर्व तक्त्यांचा डोलारा त्या एका खुणेवर उभा राहतो. ती डळमळली की कोणाची ठेव कोणाच्या नावावर जाईल याचा नेम नाही.

ही खूण निवडताना पहिला मोह होतो तो आयत्या वस्तूचा. माणसाला नाव आहेच, तेच का वापरू नये? याचे उत्तर वरील हकीकतीत आले. शिवाय महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींची नावे म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. येथील कार्यालयांत वडिलांचे नाव कधी मधे येते, कधी गळते, कधी तेच आडनाव समजले जाते. 'ळ' रोमन लिपीत शिरला की 'ल' होऊन बाहेर येतो. काळे आणि काले यांत भेद उरत नाही. आणि लग्नानंतर आडनावच नव्हे, तर कित्येक घरांत पहिले नावही बदलण्याची चाल होती. जी गोष्ट आयुष्यात एकदा तरी बदलू शकते, ती खूण म्हणून निरुपयोगी.

मग मोबाईल क्रमांक घ्यावा काय? आम्ही तसे सुचविलेही होते. पण बंद झालेला मोबाईल क्रमांक ९० दिवसांच्या प्रतीक्षेनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. म्हणजे रे-१४ चीच पुनरावृत्ती, फक्त यंत्रावर! शिवाय एकाच घरातील आजी-आजोबा एकच क्रमांक वापरतात.

राहिला आधार. त्याची रचना मात्र अभ्यासण्याजोगी आहे, आणि तिचा आरंभ आपल्या महाराष्ट्रातच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बारा आकड्यांचा हा क्रमांक जिल्हा सांगत नाही, जात सांगत नाही, वय सांगत नाही. २०१६ च्या आधार कायद्याच्या चौथ्या कलमातच म्हटले आहे, की एकास दिलेला क्रमांक दुसऱ्यास पुन्हा देता येणार नाही, आणि हा क्रमांक यादृच्छिक असेल, व्यक्तीच्या गुणविशेषांशी त्याचा संबंध नसेल. रे-१४ मध्ये जे दोन दोष होते, नेमके तेच येथे कायद्याने वर्ज्य केले आहेत.

मग तोच आपल्या सभासदांची खूण म्हणून का घेऊ नये? आमची सहकारी म्हणाली, "काका, दुसऱ्याच्या खुंटीवर आपले घोंगडे टांगू नये." आधार क्रमांक कोणी मागावा आणि कसा सांभाळावा यावर कायद्याची बंधने आहेत. परदेशी गेलेल्या सभासदांच्या मुलांना तो असेलच असे नाही. आणि एकच क्रमांक जागोजागी खूण म्हणून वापरला, की एका ठिकाणची चोरी सर्व ठिकाणचे दार उघडते. आपल्या नोंदीचा क्रमांक आपणच द्यावा.

आपण द्यावयाचा ठरल्यावर दुसरा मोह येतो: त्यात काही अर्थ भरावा, म्हणजे पाहताच कळेल. हा मोह फार प्रतिष्ठित आहे, कारण अर्थवाही क्रमांकाचे एक अतिशय यशस्वी उदाहरण आपल्यासमोर आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी. सहा आकड्यांपैकी पहिला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाननीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे वाटपाचे कार्यालय. भाषा आणि लिपी कोणतीही असो, टपाल योग्य पोत्यात पडते.

मग पिनकोडला जे साधले ते रे-१४ ला का साधले नाही? कारण पिनकोड ही जागेची खूण आहे, आणि जागा फिरत नाही. आमची खूण माणसाची होती, आणि माणूस घर बदलतो. पत्ता हा पत्त्याच्या जागी लिहावा. त्याला क्रमांकात कोंबले की पत्ता बदलताच माणूसही बदलतो.

मोठमोठ्या यंत्रणांनाही याचा फटका बसला आहे. बँकेच्या शाखेचा आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार बँकेची, पाचव्या जागी शून्य, उरलेली सहा शाखेची. १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील दहा बँकांच्या चार बँका झाल्या. गल्ली तीच, इमारत तीच, खिडकीवरचा कारकून तोच. पण बँकेचे नाव क्रमांकात गोवलेले असल्यामुळे विलीन झालेल्या बँकांच्या शाखांना नवे क्रमांक घ्यावे लागले, आणि वीजबिलापासून निवृत्तिवेतनापर्यंत जेथे जेथे जुना क्रमांक दिला होता तेथे तेथे तो बदलणे ग्राहकांच्या माथी आले.

पॅनचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. त्याच्या दहा अक्षरांतले चौथे धारकाचा प्रकार सांगते आणि पाचवे, व्यक्तीच्या बाबतीत, आडनावाचे आद्याक्षर. विवाहानंतर आडनाव बदलले तरी पॅन तोच राहतो, आणि ते योग्यच आहे. पण मग पाचवे अक्षर जे सांगते ते खरे राहत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! क्रमांकात अर्थ भरला की दोनच वाटा उरतात: अर्थ बदलला की क्रमांक बदलावा, नाही तर क्रमांकाने खोटे बोलावे.

आम्हां बदलीच्या नोकरदारांस हा धडा वाहनाच्या पाटीवरूनही मिळाला आहे. एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवी नोंदणी, नवा क्रमांक, आणि त्यासाठी खेटे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारत मालिका म्हणजे 'बीएच' क्रमांक सुरू केले आणि आमच्यासारख्यांचा हा वनवास संपवला. त्या पाटीवर राज्य नाही. पहिल्या नोंदणीचे वर्ष तेवढे आहे, आणि ते मात्र कधी बदलत नाही. अर्थ भरणे अटळच असेल तर असा, न बदलणारा, भरावा.

येथवर आम्हांस पटले होते, की क्रमांक मुका असावा. तेव्हा आम्ही स्नेह्यांचेच म्हणणे पुढे केले: १, २, ३ असे मोजत जावे. आमच्या सहकारीने मान डोलावली. ही पद्धत साधी आहे, जागा कमी घेते, आणि डेटाबेस हे मोजण्याचे काम आपण होऊन करतो. मात्र तिच्याही मर्यादा तिने सांगितल्या.

पहिली मर्यादा मोजण्याच्या भांड्याची. संगणकात ३२ बिटांचा पूर्णांक घेतला तर तो २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ला संपतो. आपल्याला ही संख्या अफाट वाटते. पण ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे महिन्याभराचे व्यवहार १,००० कोटींच्या पुढे गेले. त्या वेगाने हे भांडे आठवड्यातच ओसंडून वाहील. ६४ बिटांचे भांडे घेण्यास खर्च नगण्य, म्हणून ते आरंभीच घ्यावे.

दुसरी मर्यादा अशी, की अनुक्रम पाहणाऱ्यास नको ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवते, याचा शोध दोस्त राष्ट्रे घेत होती. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज होता १,५५०. पकडलेल्या रणगाड्यांच्या भागांवरील अनुक्रमांक तपासून संख्याशास्त्रज्ञांनी अंदाज बांधला ३२७. युद्धानंतर जर्मन दप्तरांत आकडा निघाला ३४२. जे हेरांना कळले नाही ते क्रमांकांनी सांगून टाकले.

आपल्या मंडळाला रणगाडे लपवावयाचे नाहीत हे खरे. पण आपले वधू-वर सूचक केंद्र आहे. त्यात मुलामुलींचे शिक्षण, वेतन, पत्ता, छायाचित्र असते. समजा, संकेतस्थळावर एका स्थळाची माहिती ११२ या क्रमांकाने उघडते. कोणीही रिकामटेकडा ११२ च्या जागी ११३ लिहून पाहील. वस्तुतः, पाहणाऱ्यास ती नोंद पाहण्याचा अधिकार आहे की नाही हे यंत्रणेने प्रत्येक वेळी तपासलेच पाहिजे. क्रमांक हे कुलूप नव्हे. परंतु कुलूप लावावयाचे एखाद्या वेळी राहून जाते, आणि अशा वेळी शेजारचे दार सहज ओळखता येऊ नये, हे बरे.

तिसरी अडचण एकाच वेळी अनेक हातांनी नोंदी करण्याची. गणेशोत्सवात तीन टेबलांवर तीन स्वयंसेवक, तीन लॅपटॉप, आणि इंटरनेट बंद. प्रत्येकाने एकापासून मोजले तर रात्री तिन्ही याद्या एकत्र करताना तीन-तीन एक नंबर निघतात.

यावर उपाय म्हणून यूयूआयडी नावाचा क्रमांक वापरतात. तो १२८ बिटांचा असतो. लिहिला तर मधल्या आडव्या रेघा धरून ३६ चिन्हांचा होतो. त्याच्या चौथ्या आवृत्तीत १२२ बिट निव्वळ यदृच्छेने भरतात. शक्य क्रमांकांची संख्या ५ वर ३६ शून्ये मांडावीत त्याहूनही अधिक. त्यामुळे तीन टेबलांवरच काय, तीन खंडांवर बसून कोणाला न विचारता क्रमांक दिले तरी दोन सारखे निघण्याची भीती व्यवहारात उरत नाही, आणि पुढचा क्रमांक कोणास ताडता येत नाही.

त्याचाही एक दोष आहे. ग्रंथालयात नव्या पुस्तकाचे कार्ड शेवटच्या खणात टाकावयाचे असेल तर काम झटपट होते. प्रत्येक कार्ड शंभर खणांपैकी भलत्याच खणात मधेच खोचावयाचे असेल तर ग्रंथपाल थकतो. यदृच्छ क्रमांकांनी डेटाबेसच्या सूचीची अशीच दमछाक होते. म्हणून मे २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या सातव्या आवृत्तीत पहिले ४८ बिट वेळेचे ठेवले आहेत. नवा क्रमांक आपसूक शेवटच्या खणाकडे जातो. त्याच्या मोबदल्यात नोंद केव्हा झाली हे क्रमांकावरून कळते, हेही जाणून असावे. आपल्या मंडळाच्या बाराशे सभासदांना या वेगाची चिंता नाही. ज्यांच्या नोंदी कोटींनी मोजाव्या लागतात त्यांना आहे.

एवढे झाल्यावर आम्ही एक भाबडी शंका काढली. "अगं, पण आपल्या आजी कार्यालयात फोन करून हा ३६ अक्षरांचा मंत्र म्हणून दाखवणार काय?" ती हसली आणि म्हणाली, "काका, यंत्रासाठी एक क्रमांक आणि माणसासाठी दुसरा, असे ठेवले तर?" आम्हांस वाटते, या साऱ्या विषयाची किल्ली त्या वाक्यात आहे. तक्त्यांना एकमेकांशी जोडणारा आतला क्रमांक कोणास दिसण्याचे कारण नाही. सभासदाच्या हाती द्यावयाचा क्रमांक मात्र लहान, उच्चारण्यास सोपा आणि चूक पकडणारा असावा.

चूक पकडणारा म्हणजे काय, तेही सांगतो. माणूस आकडे लिहिताना दोन चुका वारंवार करतो: एखादा आकडा भलताच लिहितो, किंवा शेजारचे दोन आकडे उलटेपालटे करतो. यासाठी शेवटी एक पडताळा-अंक जोडतात. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक असाच आहे. त्यामागचे गणित याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडले. आम्ही आपल्यासाठी त्याहून सोपा, कागद-पेन्सिलीने होणारा हिशेब घेतला. समजा क्रमांक २७४१. त्याच्या आकड्यांना अनुक्रमे ५, ४, ३, २ ने गुणावे: १०, २८, १२, २. बेरीज ५२. तिला अकराने भाग जाण्यासाठी ३ कमी पडतात, म्हणून शेवटी ३ लावावा. क्रमांक झाला २७४१३. आता कोणी चुकून २४७१३ लिहिले, तर पहिल्या चार आकड्यांची बेरीज १०, १६, २१, २ मिळून ४९, आणि शेवटचे ३ धरून ५२. अकराने भाग जात नाही. संगणक तत्काळ म्हणतो, पुन्हा पाहा. कधी कधी शेवटी १० लावण्याची पाळी येते. तो क्रमांक आम्ही सोडून देतो.

आता आपल्या नव्या दप्तराची रचना थोडक्यात सांगतो. प्रत्येक सभासदास आतला एक यूयूआयडी. तो जन्मभर तोच. ठेव, वर्गणी, देणगी या साऱ्या नोंदी त्यालाच जोडलेल्या. हाती दिलेला पाच आकडी सभासद क्रमांक हा सभासदाच्या नोंदीतला केवळ एक रकाना. पत्त्यांचा तक्ता वेगळा, तारखांसह. घर बदलले तर नवी ओळ वाढते, जुनी पुसली जात नाही. जुने क्रमांक, रे-१४ आणि न-३१ यांसुद्धा, कोणत्या काळात कोणाकडे होते याचाही तक्ता आहे. कारण जुन्या पावत्या अजून लोकांच्या ट्रंकांत आहेत. आणि सर्वांत शेवटचा नियम कार्यकारिणीच्या ठरावाने घातला आहे: सभासद गाव सोडो, मंडळ सोडो वा जग सोडो, त्याचा क्रमांक पुन्हा कोणास द्यावयाचा नाही.

आता ती राहिलेली हकीकत.

चूक उघडकीस आल्यावर कार्यकारिणीने वहिनींची रक्कम व्याजासह परत करण्याचा ठराव केला. अध्यक्ष म्हणाले, धनादेश टपालाने पाठवू. आम्ही म्हटले, पत्र आम्ही लिहिले होते, आम्हीच जाऊ. वहिनी आता ऐंशीच्या पुढे. मुलीच्या घरी खिडकीपाशी बसल्या होत्या. आम्ही जुनी खतावणी बरोबर नेली होती. पान उघडून एकेक नोंद बोटाने दाखवली: ही यजमानांची, ही दुसऱ्यांची, ही रेघ चुकीच्या ओळीवर पडली. सही कोणाची तेही दाखवले. त्यांनी चष्मा लावून ती सही पुष्कळ वेळ पाहिली.

धनादेशाकडे त्यांचे लक्षही नव्हते. म्हणाल्या, "भाऊजी, पैशांचे काही नाही. पण ह्यांनी मला न सांगता पैसे काढले, असेच मी इतकी वर्षे धरून चालले होते. कशासाठी काढले असतील, कोणाला दिले असतील, असे मनात यायचे. फोटोला हार घालतानासुद्धा यायचे." थोड्या वेळाने त्यांनी मुलीला हाक मारली आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांनी नव्हते हो काढले."

आम्ही सरकारी माणूस. तीस वर्षांत हजारो क्रमांक टाकले, हजारो तपासले. चुकीच्या क्रमांकाची किंमत आम्ही आजवर रुपयांत मोजत आलो होतो. त्या दिवशी कळले, की दप्तरातील एक क्रमांक दोघांना दिला, तर पंधरा वर्षे एका पत्नीच्या मनात पतीविषयी किंतू राहू शकतो. आणि तो घालविण्यासाठी पती हयात नसतो.

आपल्यापैकी कित्येकांची मुले आज याच व्यवसायात आहेत. बँका, रुग्णालये, विद्यापीठे, सरकारी खाती यांची दप्तरे ती घडवीत आहेत. घरी गेल्यावर त्यांच्याजवळ हा विषय काढावा, आणि त्यांच्या तक्त्यांतले क्रमांक कधी बदलतात काय, ते पुन्हा कोणास दिले जातात काय, एवढे विचारावे.

जाता जाता एक निवेदन. सभागृहाच्या बांधकामास हातभार लावणाऱ्यांच्या फलकावर यंदा एक नाव वाढले आहे. वहिनींनी व्याजासह सारी रक्कम यजमानांच्या नावे मंडळाला परत दिली. त्यांचे म्हणणे असे, की ते पैसे इतकी वर्षे या भिंतींत होतेच, तेथेच राहू द्यावेत. त्या देणगीची नोंद करताना संगणकाने सभासद क्रमांक मागितला. आम्ही तो टंकित केला, पडताळा-अंकासह, आणि समोर त्यांच्या यजमानांचे नाव आले. दुसरे कोणाचेही आले नाही.